अक्कलदाढ

बुधवारी सकाळी रॉय हेपल खुर्चीत आडवा झाला,
म्हणाला, काढा एकदाची,
चव्वेचाळीस वर्षं सांभाळली.

मी दिवा खाली ओढला.
खालची डावी. झिजून सपाट, कडेला चीर.
हा माणूस रात्री दात खातो.
बायकोने मागे सांगितलं होतं,
शेजारच्या खोलीत झोपते मी, तरी ऐकू येतं.

कॉन्सेटमध्ये बारा वर्षं मी तोंडं बघते आहे.
माझ्याशी इथे कुणी राजकारण बोलत नाही,
बोलणार कसं, माझे दोन्ही हात त्यांच्या तोंडात.
पण दाढ बोलते.
ही उगवली तेव्हा रॉय सतराचा होता,
पोलादाच्या कारखान्यात उमेदवारीचं दुसरं वर्ष.
दोरीवरची चादर रोज लाल धुळीने माखायची
आणि आई रोज त्या धुळीला शिव्या घालायची.
सप्टेंबरात कारखाना बंद झाला.
त्या आठवड्यात चादर पांढरीशुभ्र वाळली,
आई दोरीखाली उभी राहून रडली,
आणि रॉय, सुजलेला गाल हाताने धरून,
बेकारीच्या रांगेत. बापाच्या मागे तिसरा.

तेव्हापासून तो एकाच रंगाला मत देतो.
उमेदवाराचं नावसुद्धा वाचत नाही.

धाकटा नील येतो दात पांढरे करून घ्यायला.
तोच जबडा, तीच आई,
स्वयंपाकघरातलं तेच डगमगतं टेबल,
फक्त अकरा वर्षं उशिरा.
त्याची दाढ आली तेव्हा उतारावर नवी घरं उठत होती,
बँकेचा माणूस हाताला धरून कर्ज देत होता.
नील म्हणतो, ज्याला करायचंय त्याला मिळतं.
रॉय म्हणतो, हं.
नाताळात दोघांच्या मध्ये टर्की असते
आणि आईचा फोटो.

प्रत्येकाला वाटतं, आपण विचार करून ठरवलं.
मलाही वाटतं.
माझी आली सोलापुरात,
गिरणीचा भोंगा एका सोमवारी वाजलाच नाही, त्या महिन्यात.
अण्णा सवयीने उठले, डबा घेतला,
चपला घालून दारापर्यंत गेले,
आणि परत येऊन, खाटेवर बसून,
सकाळी सहाला तो डबा खाल्ला.
ते चावणं अजून माझ्या कानात आहे.
म्हणून मी हातमोज्यांची खोकी हिशेबाने उघडते,
आणि टीव्हीवर कुणी टाय लावून म्हणालं,
थोडे दिवस कळ सोसा,
की माझा जबडा आवळतो. आधी जबडा,
विचार मागाहून.

शर्वरीचा एक्स-रे परवा आला, लीड्सहून.
एकविसावं चालू आहे तिला.
चौघींत एक न्हाणीघर, अर्धा पगार भाड्याला,
उरलेला शिक्षणाच्या कर्जाला आणि नूडल्सला.
दाढ आडवी पडली आहे, पुढच्या दाताला रेटून.
जागाच नाही गं, मी फोनवर म्हणाले.
ती हसली. कुठे आहे, आई?
मग जरा थांबून,
यंदा तुझ्यासारखं नाही हं देणार मी मत.
सांगून ठेवते.
मी म्हणाले, मिठाच्या पाण्याने गुळण्या कर.

रॉयच्या दाढेला चाळीस मिनिटं लागली.
मुळं आकड्यासारखी वाकलेली,
हाड सोडायला तयार नाहीत.
शेवटी निघाली. त्याने तळहातावर घेतली,
उलटी केली, सुलटी केली, टिश्यूत गुंडाळून
शर्टाच्या खिशात ठेवली.
बधिर ओठांनी काहीतरी बोलला.
बहुतेक ‘उद्या’.

दुसऱ्या दिवशी मेथडिस्ट हॉलमध्ये
सुतळीला बांधलेली पेन्सिल उचलली
तर जीभ आपसूक मागे गेली,
खालच्या डाव्या कोपऱ्यात.
आहे अजून.
पेन्सिलीला टोक नव्हतं.
तरी फुली उमटली.